दुसऱ्या मोटोची माती

2022 सालच्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या राष्ट्रीय मोटोक्रॉस अजिंक्यपद मालिकेच्या बारा टप्प्यांपैकी अकरा पार पडले, तेव्हा 450 सीसी गटात इलाय टोमॅक आणि चेस सेक्स्टन या दोघा मोटरसायकलस्वारांच्या गुणांत फक्त एकाचा फरक होता. कॅलिफोर्नियापासून मॅसॅच्युसेट्सपर्यंत, डोंगरउतारांवर, वाळूत, चिखलात आणि भाजून निघालेल्या मातीवर त्यांनी बारा तासांहून अधिक काळ एकमेकांचा पाठलाग केला होता आणि त्या सगळ्याचा हिशेब एका गुणावर येऊन थांबला होता. कॅलिफोर्नियातल्या पाला येथील शेवटच्या टप्प्यावर टोमॅकने दोन्ही शर्यती जिंकल्या आणि अजिंक्यपद सात गुणांनी आपल्याकडे नेले. त्या दिवसानंतर हा खेळ नेमके काय मोजतो, हा प्रश्न माझ्या मनात ठाण मांडून बसला. वेग तो मोजतोच. पण दोन माणसांचा वेग जवळपास सारखा असताना उन्हाळाभर आणखी काहीतरी मोजले जात असते आणि ते काय आहे हे समजून घेण्यासाठी आधी या शर्यतीची रीत सांगणे भाग आहे.

मोटोक्रॉस म्हणजे नैसर्गिक चढउतारांच्या बंदिस्त मातीच्या मार्गावर मोटरसायकलींची शर्यत. अमेरिकेच्या या मालिकेत प्रत्येक टप्पा एका दिवसात उरकतो आणि त्या दिवशी प्रत्येक गटाच्या दोन शर्यती होतात. त्यांना मोटो म्हणतात. एक मोटो 30 मिनिटे अधिक दोन फेऱ्या इतकी लांब असते. 40 स्वार एका रांगेत लोखंडी गेटच्या मागे उभे राहतात, गेट त्यांच्या दिशेने खाली कोसळते आणि सगळे एकाच वेळी पहिल्या वळणाकडे झेपावतात. पहिल्याला 25, दुसऱ्याला 22, तिसऱ्याला 20 गुण मिळतात आणि पुढे ते उतरत जातात. दोन्ही मोटोंचे गुण मिळून दिवसाचा विजेता ठरतो, आणि बेरीज समसमान झाली तर दुसऱ्या मोटोत जो पुढे होता त्याला वरचे स्थान मिळते. या शेवटच्या नियमात मला या खेळाचा सगळा स्वभाव दिसतो. पहिली मोटो जिंकलेला माणूस आणि दुसरी जिंकलेला माणूस यांत नियमांनीच दुसरी जिंकणाऱ्याला मोठे मानले आहे.

याचे कारण मातीत आहे. शर्यतीच्या आधी मार्ग खोलवर नांगरतात, त्यावर भरपूर पाणी मारतात, त्यामुळे सकाळच्या सरावाला माती भुसभुशीत, ओलसर आणि बरीचशी सपाट असते. मग 250 सीसीचे स्वार येतात, 450 सीसीचे येतात, सराव होतो, पात्रता फेऱ्या होतात, पहिल्या मोटो होतात. शेकडो वेळा त्याच वळणावर मागचे चाक माती उकरते आणि वळणांत चाकोऱ्या पडतात. कुठे घोट्याइतक्या, कुठे गुडघ्यापर्यंत पोहोचणाऱ्या. ब्रेक लावण्याच्या जागी मातीच्या लाटा उठतात. जी चाकोरी पहिल्या फेरीत सर्वांत जलद होती ती दहाव्या फेरीपर्यंत इतकी खोल होते, की तिच्यात फूटरेस्ट अडकून स्वार फेकला जाऊ शकतो. पाणी सुकते, धूळ उडते, उन्हाच्या तिरप्या उजेडात खड्डा आणि सावली यांतला भेद डोळ्यांना कळेनासा होतो. दुसऱ्या मोटोसाठी रांगेत उभा राहिलेला स्वार सकाळी पाहिलेल्या मार्गावर जातच नसतो. त्याला प्रत्येक फेरीत तो मार्ग नव्याने वाचावा लागतो, आणि तेही हृदयाचे ठोके मिनिटाला 180 च्या आसपास असताना, हातांच्या स्नायूंत रक्त साकळून बोटे क्लचवर नीट मिटत नसताना, शंभर किलोंहून अधिक वजनाचे यंत्र गुडघ्यांनी धरून ठेवताना.

मालिकेतल्या जागा एकमेकींपासून इतक्या वेगळ्या आहेत, की मला ही मालिका मातीच्या जातींची एक परीक्षाच वाटते. मॅसॅच्युसेट्समधल्या साउथविकला वाळू आहे; तिथे थ्रॉटल सोडला की पुढचे चाक रुतते, म्हणून वजन मागे ठेवून वेग टिकवावा लागतो, आणि त्या वाळूत लहानाचे मोठे झालेले न्यू इंग्लंडचे स्थानिक स्वार देशातल्या नामवंतांना घाम फोडत आले आहेत. जॉन डाउड हा त्यांतलाच एक, जो चाळिशी ओलांडल्यावरही तिथे गेटवर उभा राहत असे. कोलोराडोतले थंडर व्हॅली समुद्रसपाटीपासून 1,800 मीटरहून उंच आहे. तिथली हवा विरळ असल्याने इंजिन दमते आणि माणूसही. वॉशिंग्टन राज्यातल्या वॉशूगलला उंच झाडांच्या सावल्या मार्गावर आडव्या पडतात आणि स्वार लख्ख उन्हातून एकदम काळोख्या पट्ट्यात शिरतो. न्यूयॉर्क राज्यातले युनाडिला हे एके काळी गवताच्या कुरणासाठी प्रसिद्ध होते; हिरवळीवरून उतरणारी मोटरसायकलींची रांग जुन्या छायाचित्रांत पाहिली, की या खेळाचे मूळ कुणाच्या तरी शेतात आहे हे लगेच पटते. मे महिन्याच्या अखेरीस कॅलिफोर्नियात सुरू होऊन ऑगस्टपर्यंत चालणाऱ्या या प्रवासात ज्याला एकच माती जमते तो एखादा दिवस गाजवतो. अजिंक्यपद मात्र त्याला मिळत नाही.

हा खेळ अमेरिकेचा नव्हे. त्याची सुरुवात इंग्लंडमध्ये झाली, जिथे 1924 साली सरे परगण्यातल्या कॅम्बर्लीजवळ केवळ वेगाच्या निकषावर रानातली एक शर्यत घेतली गेली. पुढे बेल्जियम, फ्रान्स, स्वीडन यांनी तो वाढवला. अमेरिकेत 1966 साली एडिसन डाय नावाच्या, हुस्क्वार्ना या स्वीडिश मोटरसायकलींच्या विक्रेत्याने टॉर्स्टन हॉलमन या स्वीडिश विश्वविजेत्याला बोलावले. वाळवंटातल्या आणि सपाट गोल मार्गांवरच्या शर्यतींना सरावलेल्या अमेरिकन स्वारांना हॉलमनने इतक्या सहजतेने मागे टाकले, की पाहणाऱ्यांना आपल्याला यातले काहीच येत नाही हे उमजले. त्यानंतर सहा वर्षांनी, 1972 मध्ये, अमेरिकन मोटरसायकलिस्ट असोसिएशनने राष्ट्रीय अजिंक्यपद मालिका सुरू केली. 250 सीसीत गॅरी जोन्स आणि 500 सीसीत ब्रॅड लॅकी हे पहिले विजेते. त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या कोलिझियम स्टेडियममध्ये मातीचे ढीग ओतून रात्रीची शर्यत झाली आणि मार्टी ट्राइप्स या सोळा वर्षांच्या मुलाने ती जिंकली. त्या रात्रीतून सुपरक्रॉस जन्माला आले. म्हणजे उघड्या रानातला खेळ आणि स्टेडियममधला खेळ ही दोन भावंडे अमेरिकेत एकाच वर्षी रुजली. धाकट्याला प्रकाशझोत, आतषबाजी आणि पैसा अधिक मिळाला. माझे मन मात्र थोरल्याकडेच ओढ घेते.

मी मिशिगनच्या नैर्ऋत्य भागात राहते आणि बुकॅनन गावाजवळचे रेडबड माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या, म्हणजे 4 जुलैच्या आसपास तिथला टप्पा असतो. आदल्या दिवशीपासून आजूबाजूच्या शेतांत तंबू आणि गाड्या लागतात, झेंडे फडकतात आणि कुणीतरी लांबलचक सुरात “रेऽऽडबड” अशी आरोळी ठोकली, की दुसऱ्या टेकाडावरून तिला उत्तर येते. तिथे सुमारे 120 फुटांची एक झेप आहे, ‘लारोकोज लीप’ नावाची. 1993 मध्ये 500 सीसीचे आणि 1994 मध्ये 250 सीसीचे अजिंक्यपद मिळवणाऱ्या माइक लारोकोचे नाव तिला दिले आहे. चढाच्या पायथ्याशी उभे राहिले की इंजिनाचा आवाज आधी छातीत जाणवतो, मग स्वार डोक्यावरून जातो आणि तेवढ्या वेळापुरता आवाज बदलतो, कारण मागचे चाक हवेत मोकळे फिरत असते. बहुतेक लोक तिथेच गर्दी करतात. मी दुसऱ्या मोटोला एखाद्या साध्या, कुणाचे लक्ष नसलेल्या वळणापाशी जाऊन उभी राहते. झेप सगळेच घेतात. पण थकलेला माणूस तिसाव्या मिनिटाला चाकोरी कशी निवडतो, हे वळणावरच कळते. पुढे असलेला स्वार वळणाच्या कितीतरी आधी मान वळवून पुढची चाकोरी पाहत असतो. विसाव्या क्रमांकावरचा समोरच्या चाकाकडे पाहत असतो. त्या दोन नजरांतले अंतर भरून काढायला त्याला बहुधा कित्येक वर्षे लागतील, आणि कदाचित ते कधीच भरून निघणार नाही.

याच रेडबडवर त्या 2022 च्या सप्टेंबरमध्ये, पालाच्या निकालानंतर तीन आठवड्यांनी, मोटोक्रॉस ऑफ नेशन्स ही देशादेशांची सांघिक स्पर्धा झाली. उन्हाळाभर एका-एका गुणासाठी झुंजलेले टोमॅक आणि सेक्स्टन आता एकाच संघात होते, तिसरा जस्टिन कूपर. पाऊस पडला आणि सगळा मार्ग पावसाळ्यातल्या बैलगाडीच्या वाटेसारखा झाला. 2011 नंतर अमेरिकेला हा चषक मिळाला नव्हता. तो त्या चिखलात मिळाला. मला तो योगायोग वाटत नाही. जी मालिका माणसाला आठवड्यामागून आठवडे बिघडलेल्या जमिनीवर उभे करते, तिच्यातून आलेल्या स्वारांना चिखलाचा एक दिवस नवा नसतो.

या मालिकेत एकही मोटो न हरता संपूर्ण उन्हाळा जिंकणारे फक्त तिघे आहेत. रिकी कारमायकलने 2002 मध्ये 24 पैकी 24 मोटो जिंकल्या आणि 2004 मध्ये पुन्हा तेच केले. पहिल्यांदा टू-स्ट्रोक मोटरसायकलवर, दुसऱ्यांदा फोर-स्ट्रोकवर, ज्यांची चालवण्याची पद्धत एकमेकींहून फार निराळी आहे. जेम्स स्टुअर्टने 2008 मध्ये 24 पैकी 24 जिंकल्या. ऑस्ट्रेलियाच्या जेट लॉरेन्सने 2023 मध्ये, 450 सीसी गटातल्या आपल्या पहिल्याच उन्हाळ्यात, 22 पैकी 22. या आकड्यांपुढे नतमस्तक व्हावे हे खरेच. तरीही मला अधिक ओढ वाटते ती साध्या, अपूर्ण अजिंक्यपदांची, ज्यांत विजेत्याचे काही दिवस वाईट गेलेले असतात. पहिल्या वळणावर पडून चाळिसाव्या स्थानावरून उठलेला स्वार सहाव्या क्रमांकावर येऊन संपवतो, तेव्हा त्या दिवसाच्या बातमीत त्याचे नावही येत नाही; पण ऑगस्टमध्ये बेरीज मांडली जाते तेव्हा ते सहावे स्थानच त्याला तारते. मोठ्या विजयापेक्षा लहान हार पत्करता येणे हे अवघड कौशल्य आहे. संताप गिळून, वाकलेल्या हँडलबारसह, मातीने भरलेल्या गॉगलमधून पाहत, एकेक स्वार मागे टाकत जाण्यात जे शहाणपण आहे ते लॉरेन्सच्या त्या अद्भुत उन्हाळ्यात दिसण्याची गरजच पडली नाही. पुढच्याच वर्षी, 2024 मध्ये, अंगठ्याच्या दुखापतीने त्याला मालिकेच्या मध्यावर थांबावे लागले आणि अजिंक्यपद सेक्स्टनकडे गेले; दोन वर्षांपूर्वी ते सात गुणांनी हुकलेला तोच सेक्स्टन.

गेटवरच्या त्या 40 जणांत कंपन्यांच्या संघांतले स्वार थोडे असतात. उरलेले स्वतःच्या खर्चाने, व्हॅनमध्ये मोटरसायकल, टायर आणि झोपायची गादी घालून, हजारो किलोमीटर गाडी हाकत आलेले असतात. त्यांचा मेकॅनिक म्हणजे बहुधा वडील, भाऊ किंवा मित्र. त्यांना सकाळी वेळेच्या पात्रता फेरीत पहिल्या 36 मध्ये यावे लागते, नाही तर शेवटची एक छोटी शर्यत असते, जिच्यातून चार जागा भरतात. जो त्यातही पाचवा येतो तो सामान आवरतो आणि पुढच्या राज्याकडे निघतो. मला या मालिकेची सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते, की तिचे दार त्या सकाळी त्याच्यासाठी खरोखर उघडे असते: जो परवाना मिळवतो आणि वेळ देतो तो विश्वविजेत्याच्या शेजारी, त्याच लोखंडी गेटमागे उभा राहतो. 1986 पासून इथे उत्पादनातल्या मोटरसायकलीवर आधारित यंत्रेच चालवण्याचा नियम आहे, त्यामुळे लाखो डॉलर ओतून हातांनी घडवलेल्या एकमेव गाड्यांचा काळ संपला. सस्पेन्शन, इंजिनाची जुळणी, सरावाच्या जागा आणि आहारतज्ज्ञ यांचा फरक राहतोच; तो मोठा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. तरीही दुकानातून विकत आणलेल्या गाडीवर तिसाव्या क्रमांकाने संपवणाऱ्या मुलाला पुढच्याने दोनदा गाठून मागे टाकलेले असले, तरी त्याने तीच चाकोरी, तेच ऊन आणि तितकीच मिनिटे सोसलेली असतात.

या प्रेमाची दुसरी बाजू मांडल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. डेव्हिड बेली हा या खेळातला अत्यंत देखण्या शैलीचा स्वार. 1983 मध्ये 250 सीसीचा राष्ट्रीय विजेता, 1984 आणि 1986 मध्ये 500 सीसीचा. 1987 च्या जानेवारीत हंगामापूर्वीच्या सरावात तो पडला आणि छातीखालचे शरीर कायमचे निकामी झाले. त्याचे वय तेव्हा पंचविशीच्या आत-बाहेर होते. पुढे त्याने दूरचित्रवाणीवर या शर्यतींचे समालोचन केले आणि 2000 साली हवाईतल्या आयर्नमॅन ट्रायथलॉनमध्ये व्हीलचेअर गटात पहिला आला. त्याची ही वाटचाल सांगून अपघाताचे ओझे हलके करावे असे मला मुळीच वाटत नाही. मान आणि पाठीची संरक्षक साधने सुधारली, वैद्यकीय पथके मार्गावर सज्ज असतात, बेशुद्ध पडलेल्याला लगेच पुन्हा चालवू देत नाहीत. तरी धोका या खेळाच्या बाहेर काढता येत नाही, कारण बदलती जमीन हाच खेळ आहे आणि बदलत्या जमिनीची खात्री कुणी देऊ शकत नाही. प्रत्येक मोटो संपून शेवटचा स्वार पिटमध्ये परतला की मला सुटल्यासारखे वाटते. ज्या दिवशी तसे वाटणार नाही त्या दिवशी मी ही शर्यत पाहण्याचा हक्क गमावलेला असेल.

पुण्यात वाढताना मी मातीवरच्या शर्यती पाहिल्या आहेत. तिथे डर्ट ट्रॅक म्हटले की घराघरातल्या मोटरसायकलवेड्या पोरांचे डोळे चमकतात. या शहराचा या जगाशी असलेला धागा अनेकांच्या ध्यानात येत नाही. ऑस्ट्रियाच्या केटीएम कंपनीत बजाज ऑटोने 2007 मध्ये पहिल्यांदा भांडवल गुंतवले, मग चाकणच्या कारखान्यात केटीएमच्या छोट्या ड्यूक गाड्या बनू लागल्या. तिकडे रॉजर डी कॉस्टर या पाच वेळच्या बेल्जियन विश्वविजेत्याच्या देखरेखीखाली रायन डन्जीने 2012 मध्ये केटीएमला अमेरिकेच्या 450 सीसी मोटोक्रॉसचे पहिले अजिंक्यपद मिळवून दिले, आणि 2024 मध्ये सेक्स्टन जिंकला तोही केटीएमवरच. ती शर्यतीची यंत्रे चाकणला बनत नाहीत, ऑस्ट्रियातल्या मॅटिगहोफेनला बनतात. पण केटीएम आर्थिक संकटात सापडल्यावर 2025 मध्ये तिला सावरायला पुढे आलेला पैसा बजाजचाच होता. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यातली कमाई आणि रेडबडच्या चढावरचा केटीएमचा नारिंगी रंग यांचे नाते असे सरळ आहे.

यंत्रांचे नाते जुळले. खेळाचे जुळायचे आहे. आपल्या राष्ट्रीय मालिकेचे नावच सुपरक्रॉस आहे, आणि तिच्या शर्यती शहरातल्या एखाद्या मैदानावर माती ओतून, मोजक्या फेऱ्यांच्या होत आल्या. 2024 च्या जानेवारीत बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात परदेशी स्वारांसह इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची शर्यत झाली, तेव्हा भरलेली प्रेक्षागारे पाहून मला मनापासून आनंद झाला. तरी ती रात्र धाकट्या भावंडाची होती. आपल्या राष्ट्रीय विजेत्यांना दीर्घ दमाचे आव्हान हवे झाले तेव्हा ते वाळवंटातल्या रॅलीकडे गेले: सी. एस. संतोषने 2015 मध्ये डकार रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय होण्याचा मान मिळवला, आणि सुपरक्रॉसचा अनेकदा राष्ट्रीय विजेता ठरलेल्या केरळच्या हरिथ नोआने 2024 च्या डकारमध्ये रॅली-2 गट जिंकला. म्हणजे दम आहे, वेग आहे, जमीन वाचण्याची बुद्धी आहे. नाही ती उन्हाळाभर, किंवा आपल्या हवामानात पावसाळ्यानंतरच्या चार महिन्यांत, उघड्या माळांवर फिरणारी अर्ध्या तासाच्या दोन-दोन मोटोंची मालिका.

तिला लागणाऱ्या गोष्टी फार गुंतागुंतीच्या नाहीत. नाशिक, सातारा, कोल्हापूर परिसरातले मुरमाड उतार, मराठवाड्यातली काळी, कोकणाच्या वरच्या अंगाची तांबडी माती, गोव्याकडचा जांभा: एवढ्या जाती आपल्याकडे दोन-चारशे किलोमीटरांत आहेत. मार्गासाठी दीर्घ मुदतीने मिळालेली पाच-सात जागांची जमीन हवी, तिथे नांगर आणि पाण्याचे टँकर हवेत, प्रत्येक ठिकाणी सुसज्ज रुग्णवाहिका आणि जवळ मणक्याच्या दुखापती हाताळणारे रुग्णालय हवे, आणि ज्या मुलाकडे कंपनीचा संघ नाही त्याला सकाळी वेळ देऊन रांगेत उभे राहता यावे असे प्रवेशशुल्क हवे. या चारांपैकी जमिनीचा प्रश्न मला सर्वांत कठीण वाटतो, कारण शहराजवळचा माळ आता फार काळ माळ राहत नाही.

म्हणून सुरुवात एकाच जागेपासून करावी. एखाद्या तालुक्याच्या गावाजवळ, पीक निघाल्यावर पडीक राहणाऱ्या उतारावर, शेतकऱ्याला रीतसर भाडे देऊन, स्थानिक मुलांसाठी वर्षातून एक दिवस, दोन मोटो. रेडबडही 1970 च्या दशकात अशीच एका कुटुंबाच्या जमिनीवर सुरू झाली, आणि अजून तेच कुटुंब ती चालवते.